ॲस्बेस्टॉसची धूळ आणि गावी परतलेला चाकरमानी

कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नाव पडले, ते उगीच नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी हे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुके १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असत. आणि मुंबईच्या कापड गिरण्या, गोद्या, रेल्वेचे कारखाने व उपनगरांतील नवे उद्योग यांना मनुष्यबळ पुरविण्यात या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. तरुणपणी आगबोटीने किंवा एस.टी.ने मुंबई गाठावी, गावकीच्या खोलीत पथारी टाकावी, गणपतीला व शिमग्याला गावी यावे आणि निवृत्तीनंतर वाडीतील घरी कायमचे परतावे, असा क्रम दोन-तीन पिढ्या अव्याहत चालला.

या परतलेल्या माणसांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. खालच्या वाडीतून सड्यावर चढताना पूर्वी न लागणारी धाप आता निम्म्या वाटेवरच लागते. कोरडा खोकला सुटत नाही. घरची माणसे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, विडीचा प्रताप. बहुतेक वेळा ही दोन्ही अनुमाने खरीही असतात. परंतु यांपैकी काही जणांच्या बाबतीत धापेचे कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत ज्या खात्यात त्यांनी काम केले त्या खात्याच्या हवेत दडलेले असू शकते, हे रुग्णाला ठाऊक नसते व त्याला कोणी विचारीतही नाही. ॲस्बेस्टॉस या खनिजाच्या धुळीने होणारा विकार हा अशा विस्मृत कारणांपैकी एक होय. त्यासंबंधीची शास्त्रीय व कायदेशीर माहिती येथे देण्याचा हेतू आहे.

आगीला दाद न देणारे खनिज

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून तंतुमय रचना असलेल्या काही सिलिकेट खनिजांचे ते सामुदायिक नाव आहे. व्यापारात त्याचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळले: पांढरा म्हणजे क्रिसोटाइल, निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट. हा दगड कुटला असता त्याचे चूर्ण न होता कापसासारखे धागे सुटतात. ते पिंजता येतात, कातता येतात, विणताही येतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, उष्णता पुढे जाऊ देत नाहीत आणि सिमेंटमध्ये मिसळले तर त्याला बळकटी देतात. इतके गुण एकत्र आणि तेही स्वस्तात देणारा दुसरा पदार्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखानदारांना मिळाला नाही. त्यामुळे वाफेचे बॉयलर, नळ, जहाजांचे इंजिनघर, मोटारीचे ब्रेक, भट्टीवाल्याचे हातमोजे आणि घरावरचे पत्रे अशा परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी तो जाऊन पोचला.

मुंबईत त्याचा थेट उद्योगही उभा राहिला. मुलुंड येथे ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड या कंपनीने सिमेंटचे पत्रे व नळ बनविण्यास १९३० च्या दशकात आरंभ केला. घाटकोपर येथे हिंदुस्थान फेरोडो या कारखान्यात ब्रेकची अस्तरे व ॲस्बेस्टॉसचे कापड यांसारखा माल तयार होई. या दोन्ही उद्योगांचा संबंध ब्रिटनमधील टर्नर अँड न्यूऑल या बड्या उद्योगसमूहाशी होता. परंतु ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात नोकरी केली त्यांचाच या धुळीशी संबंध आला, असे समजणे चुकीचे ठरेल. गिरणीच्या बॉयलर खात्यात नळांवरील जुने वेष्टण फोडून नवे चढविणारा फिटर, रेल्वेच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती करणारा कामगार, गोदीत जहाजाच्या पोटात उतरणारा खलाशी व वेल्डर, दारूखान्यात जुनी जहाजे तोडणारा मजूर, गॅरेजमध्ये हवेच्या नळीने ब्रेकचा ड्रम फुंकून साफ करणारा मेकॅनिक, सिमेंटचा पत्रा करवतीने कापणारा सुतार, या सर्वांच्या नाकातोंडात ती गेलेली असू शकते. किंबहुना वेष्टण चढविण्यापेक्षा ते फोडण्याच्या कामात धूळ अधिक उडते. वेष्टण फोडून झाल्यावर खाली पडलेला कचरा कोरड्या झाडूने लोटणारा मदतनीस तर हजेरीपटावर ‘किरकोळ काम’ या सदरात असे.

जहाजांतील ॲस्बेस्टॉस हा विषय पुढे आंतरराष्ट्रीय वादाचा झाला. ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली असता, तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ उठला की फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रेंच सरकारने ती माघारी बोलावली. त्याआधी कित्येक दशके आपल्या बंदरांत जुनी जहाजे मुकाट्याने तोडली जात होती.

तंतू शरीरात काय करतो?

मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. ॲस्बेस्टॉसचा जो तंतू फुफ्फुसाला धोक्याचा मानतात तो तीन मायक्रॉनहून बारीक व पाच मायक्रॉनहून लांब असतो. म्हणजे तो डोळ्यांना दिसत नाही. ज्या धुळीने कामगाराचे कपडे पांढरे होत ती दिसणारी धूळ. खरा अपाय करणारा भाग तिच्यातच अदृश्य असे. आठ तासांच्या पाळीत कष्टाचे काम करणारा माणूस साधारण आठ घनमीटर हवा आत घेतो असे धरले आणि त्या हवेच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये केवळ एकच तंतू आहे असे मानले, तरी एका पाळीत ऐंशी लाख तंतू श्वासाबरोबर आत जातात. त्यांतील पुष्कळसे नाकातील केसांत व श्वासनलिकेच्या कफात अडकून बाहेर पडतात. जे सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोचतात ते मात्र सहजासहजी परत फिरत नाहीत.

शरीरातील भक्षक पेशी अशा परक्या कणाला गिळून नष्ट करतात. पण हा तंतू त्या पेशीपेक्षा लांब असला तर पेशीला तो धड गिळता येत नाही, पचविता तर नाहीच. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती पेशी मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये बाहेर पडतात, दुसरी पेशी येते आणि तिचीही तीच गत होते. हा झगडा वर्षानुवर्षे चालू राहिल्याने त्या जागी व्रण भरल्यावर येतो तसा निबर धागेदार ऊतक साचतो. स्पंजाप्रमाणे फुगणारे फुफ्फुस हळूहळू ताठर होत जाते आणि प्राणवायू रक्तात उतरण्यास अडथळा येतो. या विकारास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो धूळ किती व किती वर्षे घेतली यावर अवलंबून असतो आणि पहिल्या संपर्कापासून सामान्यतः वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा जाणवू लागतो. नोकरी सुटल्यावरही तो वाढू शकतो, कारण धूळ घेणे थांबले तरी आत गेलेली धूळ बाहेर आलेली नसते.

याखेरीज ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो. येथे विडी-सिगारेटचा संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील वेष्टण-कामगारांचा अभ्यास करणारे डॉ. सेलिकॉफ व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, या दोन्ही गोष्टींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत केवळ ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे पाचपट, केवळ धूम्रपान करणाऱ्याला सुमारे दहापट, तर दोन्ही असणाऱ्याला पन्नासपटीहून अधिक असतो. येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून ‘विडीमुळेच झाले’ असे म्हणून कामाचा प्रश्न मिटविणे जसे अन्यायाचे, तसेच ‘आता या वयात विडी सोडून काय उपयोग’ हे म्हणणेही चुकीचे. धुळीचा संपर्क आलेल्या माणसाला विडी सोडण्याचा लाभ इतरांहून जास्तच होतो.

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा दुर्मीळ परंतु अत्यंत घातक कर्करोग तिसरा. दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील रुग्णांवरून डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये त्याचा या खनिजाशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. तो चाळीस वर्षांनंतरही उद्भवू शकतो आणि त्यासाठी भरपूर धूळच घेतली पाहिजे असे नाही. लंडन येथे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामगारांच्या घरातील माणसांनाही तो झाल्याचे आढळले. मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत कामाचे कपडे घरीच झटकले व धुतले जात, आणि ते काम बहुधा घरातील स्त्री करीत असे. तेव्हा पूर्वेतिहास विचारताना तिलाही विचारणे आवश्यक आहे.

एवढे वाचून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. धुळीशी संबंध आलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली राहिल्याने धाप लागत नाही. धोका असतो तो तंतू हवेत उडतो तेथे.

दमा, क्षय आणि हा विकार

ॲस्बेस्टॉसिसचे निदान चुकण्याचे मुख्य कारण असे की त्याची लक्षणे आपल्याकडील नेहमीच्या आजारांसारखी दिसतात. दम्याची धाप कधी असते, कधी नसते. तिच्यात छातीतून शिटीसारखा आवाज येतो आणि फवाऱ्याच्या औषधाने आराम पडतो. ॲस्बेस्टॉसिसमध्ये धाप प्रथम श्रमानंतर लागते व वर्षागणिक वाढत जाते; फवाऱ्याने फारसा फरक पडत नाही. क्षयामध्ये ताप, वजन घटणे व बेडक्यात जंतू सापडणे ही चिन्हे असतात आणि क्ष-किरण चित्रात डाग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. ॲस्बेस्टॉसिसची जाळी खालच्या भागात पसरते. पाठीवर खालच्या बाजूस नळी लावली असता, कानाजवळ केसांची बट चोळल्यासारखा बारीक चरचर आवाज दीर्घ श्वासाबरोबर ऐकू येतो. काही रुग्णांत बोटांची टोके फुगीर होतात. फुफ्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे पट्टे दिसले तर ते पूर्वी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याची महत्त्वाची खूण मानली जाते.

गिरणी कामगारांच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा वेगळा विकार आहे. त्यात साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. कार्डिंग खात्यातल्या माणसाला तो होण्याचा संभव अधिक, बॉयलर खात्यातल्या माणसाला ॲस्बेस्टॉसचा. म्हणजे ‘गिरणीत होतो’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या खात्यात होतो, हे कळले पाहिजे.

ॲस्बेस्टॉसिस बरा करणारे औषध नाही. तरीही निदानाला अर्थ आहे. क्षयाची औषधे निष्कारण खाणे टळते, विडी सोडण्यास सबळ कारण मिळते, छातीच्या संसर्गावरील लसी व गरजेप्रमाणे प्राणवायू देता येतो, कर्करोगाकडे वेळीच लक्ष ठेवता येते आणि भरपाईचा हक्क सांगता येतो.

ठाऊक होते, तरीही

ही माहिती अलीकडची आहे असा समज होऊ नये. इंग्लंडमधील रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात सूत कातणाऱ्या नेली केरशॉ या तरुण स्त्रीचा १९२४ मध्ये मृत्यू झाला व डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसांचा वृत्तांत त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारपुढे मेरवेदर व प्राइस यांचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये तेथे धूळ-नियंत्रणाचे नियम झाले. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध डॉ. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये सिद्ध केला. या तारखा मुलुंड कारखान्याच्या आरंभाशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे, विलायतेत नियम झाले त्याच दशकात येथे उद्योग उभा राहात होता, हे स्पष्ट होते. मालाबरोबर यंत्रे आली. त्या यंत्रांभोवतीची सावधगिरी मात्र त्याच वेगाने आली नाही.

मुंबईतील ॲस्बेस्टॉसयुक्त माल करणाऱ्या एका कारखान्याच्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासणीस आलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे तीत आढळले. ही तपासणी कामगार संघटनेच्या आग्रहामुळे होऊ शकली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. तपासणी होते तेथेच रोग सापडतो.

चाळीस वर्षांची नोंद

या विषयावरील आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिला. अहमदाबाद येथील कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने १९८६ मध्ये केलेल्या याचिकेवरचा हा निकाल. कामगाराचा आरोग्याचा हक्क नोकरीत असताना व नोकरी संपल्यावरही राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर अथवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, कामगारांना आरोग्यविम्याचे संरक्षण द्यावे, असे आदेश त्यात आहेत. गुजरातमधील कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-स्वास्थ्य संस्थेकडून तपासणी करून बाधितांस एक लाख रुपये भरपाई देण्याचाही आदेश होता.

ही मुदत उदार वाटते. पण थोडे गणित करून पाहावे. १९७० मध्ये कामाला लागलेला व १९८५ मध्ये कामावरून कमी झालेला माणूस घेतला, तर चाळीस वर्षे २०१० मध्ये पूर्ण होतात आणि पंधरा वर्षे २००० मध्येच. म्हणजे २०१० नंतर त्याची नोंद ठेवण्याचे बंधन कारखान्यावर उरले नाही. तो माणूस आज हयात असेल तर सत्तरीच्या पुढचा असेल, आणि त्याचा आजार कदाचित आताच डोके वर काढीत असेल. मध्यंतरी कित्येक गिरण्या व कारखाने बंद पडले, जागांवर इमारती उभ्या राहिल्या. अशा स्थितीत त्याच्या नोकरीचा पुरावा त्याच्या स्वतःच्या घरात असला तर असेल.

भरपाईच्या कायद्यातही हीच अडचण होती. १९२३ च्या कायद्याने ॲस्बेस्टॉसिसला व्यावसायिक रोग मानले होते. तथापि नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर ती जेव्हा आढळली तो दिवस अपघाताचा मानावा, अशी त्यात तरतूद होती. दोन वर्षांची ही मर्यादा ज्या रोगाला वीस-तीस वर्षे लागतात त्याला कशी पुरावी? पुरेसे कारण दाखविल्यास उशिरा केलेला दावा दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना होता, एवढाच आधार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने घेतली असून तिच्या परिशिष्टातही या रोगाचा समावेश आहे. नोकरीचा काळ, कारखान्याचा प्रकार आणि राज्य कामगार विम्याचे संरक्षण यांनुसार प्रत्येकाचा मार्ग वेगळा राहील. औद्योगिक कामगार हे विनामूल्य विधी साहाय्यास पात्र असतात. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

गावात काय करता येईल?

सिंधुदुर्गातील रुग्ण प्रथम गावच्या डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तेथून मालवण, कणकवली वा सावंतवाडीच्या रुग्णालयात, ओरोसला, आणि आजार बळावला तर गोव्यात बांबोळीला. या साखळीत दर ठिकाणी नवा केसपेपर निघतो. त्यांपैकी पहिल्याच कागदावर रुग्णाच्या कामाचा इतिहास लिहिला गेला, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टराला तो वाचता येईल. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. कारखान्याचे नाव व ठिकाण, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हाताखाली कोणता माल असे आणि धूळ उडत असे काय, एवढे विचारावे. ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द रुग्णाला ठाऊक असेलच असे नाही. ‘नळावरचे पांढरे वेष्टण’, ‘ब्रेकचे लायनर’, ‘सिमेंटचे पत्रे’ असे विचारले तर उत्तर मिळते.

रुग्णाच्या नातेवाइकांनी घरातील जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीची पावती, राज्य कामगार विम्याचे कार्ड, गेटपास, युनियनची वर्गणी-पावती, निवृत्तीच्या वेळचा सामुदायिक फोटो, यांतील काहीही उपयोगी पडते. त्याच खात्यात काम केलेला सहकारी शेजारच्या गावात असेल तर त्याचे लेखी निवेदन घ्यावे, कारण तोही म्हाताराच असणार. कारखान्याकडे आरोग्यनोंदीची प्रत मागावयाची झाल्यास ती लेखी मागावी व पोच घ्यावी. त्या कामी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही लिहिता येते.

राहता राहिले घरावरचे पत्रे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपले तेव्हा मालवण-देवगड भागात असंख्य छपरे उडाली व सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे परसांत पडले. धड पत्रा निरुपद्रवी असतो. तो कापताना, भोक पाडताना, घासताना व फोडताना तंतू उडतात. म्हणून फुटलेले तुकडे पाण्याने ओले करून उचलावेत, कोरडा झाडू मारू नये, तुकडे पाणंदीत भर म्हणून टाकू नयेत, आणि पत्रा बदलताना विजेच्या करवतीऐवजी पाणी मारीत हातकरवत वापरावी. हे काम रोज करणाऱ्या सुताराने साधा रुमाल बांधून भागणार नाही. सूक्ष्म धूळ रोखणारा मुखपट्टा त्याला लागेल आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावे लागतील.

कोकणच्या पावसात कागद टिकत नाही. भिंतीला ओल येते, पेटीला वाळवी लागते. ज्यांच्या घरी मुंबईच्या नोकरीची कागदपत्रे अद्याप शाबूत आहेत, त्यांनी येत्या मृगापूर्वी त्यांच्या दोन-दोन छायाप्रती काढून एक संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी व दुसरा मुलाबाळांकडे ठेवावा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यातला एक संच बरोबर न्यावा.